देपालपूरला जाणारी बीटल

इंदूर, १७ नोव्हेंबर

प्रिय सुरभी,

हे पत्र विपुल घरी असेल तेव्हाच उघड, आणि स्पृहा झोपलेली असताना. पाकिटावरच तसं लिहिणार होतो, पण मग ते तुमच्या वॉचमननेही वाचलं असतं. तू म्हणशील, रोज व्हिडिओ कॉल करणाऱ्या बाबांना पत्र कशाला सुचलं? फोनवर मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा गाडीबद्दल काहीबाही बोललो आणि ठेवून दिला. आताही गाडीपासूनच सुरुवात करतो. दुसरीकडून मला रस्ता सापडत नाही.

तू गेल्या रविवारी म्हणालीस, "बाबा, गाडी आता पूर्ण झाली ना? मला द्या. आईची गाडी आहे, स्पृहाला तिच्यात बसवायचंय." मी "देखते हैं" म्हटलं आणि विषय बदलला. तुला वाटलं असेल, म्हातारा गाडीला सोडायला तयार नाही. तसं नाही ते.

तुला आठवत असेल, ती आपल्याकडे आली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. महूमधल्या एका बंगल्याच्या आवारात ती चिंचेखाली पडून होती, १९६६ची बीटल, चारही चाकं मातीत रुतलेली. क्रेनने बडा गणपतीच्या मागच्या आपल्या गल्लीत आणली तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली होती. पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिनच नाही, म्हणून लोक हसले. इंजिन मागे असतं हे मी सांगितलं, त्यात पाणी नाही, रेडिएटर नाही, पंख्याच्या हवेनेच ते थंड राहतं हेही सांगितलं. तुझी आई दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात पाणी लागत नाही अशी एकच गोष्ट आली." उन्हाळ्यातल्या टँकरच्या रांगेला कंटाळलेली बाई होती ती.

अकरा वर्षं लागली. पिथमपूरच्या कारखान्यातून घरी आलो की चहा घेऊन मी गाडीखाली. तू बॅटरीचा उजेड धरायचीस, आणि नीरज असायचा. नीरजसारखा वेल्डर मी जन्मात पाहिला नाही. गाडीचा गंजलेला तळ कापून त्याने नवा पत्रा असा जोडला की बोटाला सांधा लागत नसे. सहा व्होल्टची वायरिंग काढून आम्ही बारा व्होल्टची केली, पुढे डिस्क ब्रेक बसवले, सीट नव्याने शिवल्या. रंग आईने निवडला, मोरपंखी. २०१६च्या दसऱ्याला खजरान्याच्या गणपतीला नेऊन पूजा केली तेव्हा पुढे मी आणि आई, मागे तू आणि पेढ्यांचा डबा सांभाळत नीरज, असे आपण आलो होतो.

मला ती गाडी आवडायची हे सगळ्या इंदूरला माहीत होतं. पण मला एक गोष्ट डाचायची. ती माझी गाडी होती, घरातल्या कुणाची नव्हती. आई तिच्यात बसायची ती पाहुण्यासारखी. तिची शाळा देपालपूरला, चाळीस किलोमीटर, आणि ती बसने जायची. डिसेंबर-जानेवारीत तिची बोटं सुजून लाल व्हायची, खडू धरता यायचा नाही. तू पुण्याला गेल्यावर तर तिच्या हातांना तेल लावायलाही कुणी उरलं नाही, असं ती मला ऐकू येईल इतपत मोठ्याने म्हणायची.

मग मला हीटरची कल्पना सुचली. या गाडीत हीटर असतो तो इंजिनाच्या गरम धुराच्या नळीवर. नळीभोवती एक पत्र्याचा बॉक्स असतो, पंख्याची हवा त्यातून जाते, नळीला घासून तापते आणि पाइपातून आत पायांशी येते. आपल्याकडच्या उन्हात त्याचं काम नाही म्हणून आधीच्या मालकाने तो केव्हाच काढून फेकला होता. मूळ बॉक्स बाहेरून मागवला तर यायला चार महिने लागणार होते. तोवर थंडी संपली असती. मी म्हटलं, आपणच बनवू.

नीरजने मी काढलेला आराखडा पाहिला आणि मान हलवली. त्याचे शब्द मला पाठ आहेत. "भिया, नली का पतरा पतला है. गरम-ठंडा, गरम-ठंडा होगा तो जोड़ छोड़ देगा. और अंदर का धुआँ सीधा गाड़ी में." मी त्याला म्हटलं, मी बत्तीस वर्षं कारखान्यात क्वालिटी बघतो, मला शिकवू नकोस. तो म्हणाला, "तो फिर मेरे हाथ से मत करवाओ." मी त्याचंच मशीन मागून आणलं आणि सांधे स्वतः मारले. दोन दिवसांत. २०१८चा नोव्हेंबर होता तो.

पहिल्या सकाळी आईने खाली हात धरले आणि लहान मुलीसारखी हसली. "श्रीपाद, अरे, खरंच ऊन आल्यासारखं वाटतंय!" लग्नानंतर तिने मला इतक्या मोकळेपणी नावाने हाक मारली असेल ती चार-पाच वेळाच. त्या दिवसापासून ती गाडी घेऊन शाळेत जाऊ लागली.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिचं डोकं दुखू लागलं. शाळेत पोचली की दुखायचं, दुपारपर्यंत उतरायचं. तिने चष्म्याचा नंबर तपासून घेतला. डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. रविवारी दुखायचं नाही. नाताळच्या सुट्टीत एकदाही दुखलं नाही, आणि सुट्टी संपल्यावर दुसऱ्याच दिवशी शाळेत उलटी झाली. एकदा तिच्यासोबत शाळेतली एक शिक्षिका आली होती. ती वाटेत उतरून झाडाखाली बसली, परत म्हणून गाडीत बसायला तयार होईना. आईने मला ते हसत सांगितलं, आणि मग हसणं थांबवून म्हणाली, "मला वाटतं गाडीत काहीतरी आहे. बसने जायचे तेव्हा असं होत नव्हतं."

सुरभी, त्या वाक्यानंतर मी उठून गाडीखाली जायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम होतं. मी काय केलं? मी चिडलो. म्हटलं, "तुला पहिल्यापासून ही गाडी डोळ्यांत खुपते. जुन्या गाडीला थोडा वास येणारच." तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. रोज सकाळी काचा बंद करून, माझ्यासाठी, हीटर लावून जात राहिली. संध्याकाळी घरी यायची तेव्हा गाल गुलाबी असायचे. मी तिला म्हणायचो, थंडी तुला मानवलीय. काय हौसेने म्हणायचो.

९ जानेवारीचं तुला माहीत आहे, म्हणजे मी सांगितलं तेवढं माहीत आहे. सकाळी पावणेसातला तुझा पुण्याहून फोन आला. विपुलशी लग्न करणार, परवानगी मागत नाहीये, फक्त कळवतेय, असं म्हणालीस. आई चढ्या आवाजात बोलली, तूही बोललीस, तू फोन आपटलास. साडेसातच्या पुढे, देपालपूर सात किलोमीटरवर असताना, गाडी रस्ता सोडून छोट्या पुलियाच्या कठड्यावर आदळली. सरळ रस्ता, धुकं नाही, समोरून वाहन नाही. गव्हाला पाणी देणारा एक शेतकरी तेवढा बघत होता. तो मला म्हणाला, "बाई ने ब्रेक मारा ही नहीं साहब. गाड़ी ऐसे उतरी जैसे खुद ही घर जा रही हो."

इस्पितळात तू आलीस तेव्हा तिचा चेहरा पाहून मावशी म्हणाली होती, बघा, किती तेज आहे, झोपल्यासारखी दिसते. तू तिच्या गालाला हात लावलास. गाल तेव्हाही गुलाबी होते. मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि त्या क्षणी मला कळलं. पुढे जे पाहिलं तो फक्त पुरावा होता. डोक्याला मार, एवढं कारण कागदावर पुरेसं होतं. कुणी आणखी काही तपासलं नाही, आणि तपासा असं मी म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी मी आणि नीरज गाडी आणायला गेलो. एवढी घाई कशाला, असं सगळे म्हणत होते. मला ती दुसऱ्या कुणाच्या हाती पडू द्यायची नव्हती. घरी आणल्यावर नीरज मागून खाली सरकला, त्याने पाइपाच्या तोंडात बोट फिरवून काजळी पाहिली, मग बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "भिया, वो डब्बा मत खोलना. खोलोगे तो जी नहीं पाओगे." तो गेला आणि त्यानंतर आपल्या घरी आला नाही. त्याला काम वाढलंय, असं मी तुला सांगत राहिलो.

मी बॉक्स उघडला. आतल्या नळीचा सांधा बोटभर फाटला होता, मी मारलेला सांधा. आतून सगळं काळं झालं होतं, आणि ती काजळी पाइपातून थेट ड्रायव्हरच्या सीटपाशी पोचली होती. त्या धुरातला जो वायू माणसाला गुंगवतो त्याला स्वतःचा वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, गाल लाल होतात, मग झोप येते. एवढं कारखान्यात आम्ही नव्या कामगारांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो.

मग मी गाडी पुन्हा बांधायला घेतली. लोकांना वाटलं, श्रीपादराव बायकोची आठवण जपतायत. खरं तर गाडी उघडी, सुटी, पसरलेली असेपर्यंत ती नेमकी कशी होती हे कुणी विचारणार नव्हतं. म्हणून बरीच वर्षं मी काम संपूच दिलं नाही. एक दरवाजा तीनदा रंगवला. हीटर अर्थातच बसवला नाही, त्या जागी दोन झाकणं लावली. गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ट्रॉफी मिळाली, पेपरात फोटो आला, खाली 'पत्नीसाठी' असं छापलं होतं. तू ते कात्रण फ्रेम करून पाठवलंस. मी ते भिंतीवर लावलं, सुरभी. लावलं आणि त्याच्याखाली बसून जेवलो.

गाडी मी तुला देणार नाही. आता तिच्यात धोका नाही, तरी देणार नाही. परवा नीरजकडे गेलो होतो. सहा वर्षांनी. त्याने पाणी दिलं. तो गाडी कापून देईल. तो फाटका बॉक्स मात्र ठेवला आहे, तुला किंवा कुणालाही बघायचा असेल तर. ज्या पोलीस ठाण्यात माझा जबाब आहे तिथे मी सोमवारी जाणार आहे. काय करायचं ते त्यांनी ठरवावं. वकिलाचं विचारू नकोस, मला नकोय.

आता मी हे का लिहितोय ते. दिवाळीत तुम्ही आला होतात. भाऊबीजेच्या दुपारी गच्चीवर तू दुपटी वाळत घालत होतीस आणि मी जिन्यात होतो. तू विपुलला म्हणालीस, "मी त्या दिवशी फोन केला नसता तर आई असती. स्पृहा मोठी झाली की तिला काय सांगू, तुझ्या आजीला मी मारलं?" आणि विपुल म्हणाला, "तू नाही, मी. माझ्यामुळे झालं." मी तिथून खाली आलो आणि तुम्हाला चहा केला. सहा वर्षं तुम्ही दोघं हे उरावर घेऊन या घरात येताय, तो मान खाली घालून जेवतोय, आणि मी वाढतोय. आई रडत निघाली, तिचं लक्ष नव्हतं, हे पोलिसांना मी सांगितलं, मावशीला मी सांगितलं, तुला मी सांगितलं. कुणीतरी कारण विचारणार होतं आणि ते माझ्याकडे तयार होतं. ती रडत गेली नव्हती. तू फोन आपटल्यावर ती क्षणभर फोनकडे बघत राहिली, मग डबा उचलून हसली आणि मला म्हणाली, "अगदी माझ्यावर गेलीय. मुलगा चांगला आहे रे, मी त्याच्याशी दोनदा बोललेय तिच्या नकळत. आत्ता तिला तापू दे थोडं. संध्याकाळी मीच फोन करून हो म्हणते."

हे विपुललाही वाचून दाखव.

तुझाच, आता काही न लपवता,
बाबा