वर चढलेली फळी

३ जानेवारी

चि. बुटक्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या सुतारकामाचे गोडवे तुझी गिऱ्हाइकं गातात म्हणे. बहिणीच्या वाट्याला मात्र वेगळाच माल आला. माझ्या स्वयंपाकघरात तू लावलेली फळी वर चढू लागली आहे. पूर्वी वरच्या डब्याला सहज हात पुरायचा. आता टाचा उंचावल्या तरी पुरत नाही. उरलंसुरलं कच्चं लाकूड माझ्याकडे खपवलंस ना?

कापडवालेही तसलेच. कापड धुतलं की आटतं, हे मी शिंपीकामात गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आले. पण मीच बेतलेला, मीच शिवलेला माझा लांब कोट दिवसेंदिवस वाढतोय. चालताना जमिनीवर लोळतो. दोनदा खालून दुमडला. बाकी मी ठणठणीत. पाठ दुखते, पण शिलाई मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईची पाठ दुखणार नाही तर काय गाणी म्हणेल?

सूनबाई म्हणते, स्टुलावर चढू नका. म्हणून तिची पाठ वळल्यावर चढते.

तुझा लोभ तरी फळीसारखा वर चढवू नकोस, हाताशी राहू दे.

तुझी, तुझ्याहून चार बोटं उंच,
ताई

१२ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

लाकूड फुगतं, वाकतं, तडकतं. स्वतःचे स्क्रू उपसून वर चढून बसणारं लाकूड अजून माझ्या दुकानात आलेलं नाही. आलं तर तिकीट लावीन. फळी चढली, कोट वाढला. या दोघांच्या मधे जी बाई उभी आहे तिचं माप घ्यायचं काही तुला सुचलं नाही. आख्ख्या गावाच्या गळ्यात टेप टाकतेस, एकदा स्वतःची उंचीही बघ.

आता थट्टा पुरे. आई आठवते ना? ती वाकत गेली आणि आपण वय झालं म्हणत राहिलो. मग न्हाणीघरात नुसती घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुन्हा खाटेवरून उठली नाही. वाळवी लागलेलं कपाटसुद्धा वरून झकास दिसतं, ताई. मला तुझी भीती वाटते. हाडांची तपासणी करून घे. गुडघ्याला तेल चोळणं म्हणजे तपासणी नव्हे.

तुझा आशीर्वाद आणि तुझी कटकट, दोन्ही चालू राहोत.

तुझा,
बुटक्या

९ फेब्रुवारी

चि. बुटक्यास,

आशीर्वाद. अक्षर सूनबाईचं आहे, मजकूर माझा.

आधी हे लिहून घे, की मी स्टुलावरून पडले नाही. स्टुलावरून सुखरूप उतरले आणि सपाट जमिनीवर पायपुसण्यात पाय अडकला. (मामा, स्टुलावर चढायला गेल्या नसत्या तर त्या पायपुसण्याकडे फिरकल्याच नसत्या. – सूनबाई) उजवं मनगट मोडलं. कात्रीचा हात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उभ्या माणसाचं नुसतं पडून हाड मोडायला नको. मग फोटो काढले, हाडांची तपासणी केली. मणक्यातली दोन हाडं आपोआप दबली आहेत. मी पाठदुखी म्हणत होते तेव्हाच दबली असणार. या रोगाला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात; हाडं आतून पोकळ होतात आणि मोडेपर्यंत चकार शब्द काढत नाहीत. आपल्या घराण्यात एवढं गप्प राहणारं काही असेल असं वाटलं नव्हतं. पाळी गेली की बायकांची हाडं झपाट्याने झिजतात, आणि आईला खुब्याचं झालं तर लेकीने आधीच तपासायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या.

त्यांनी उंची मोजली ती पट्टी खोटी असेल म्हणून घरी येऊन दाराच्या चौकटीला टेकले आणि माझ्याच टेपने माप घ्यायला लावलं. टेप खरं बोलला. चार बोटं गेली. त्यावर मी काही बोलले नाही. (रडल्या, मामा. पुन्हा कात्री धरता येईल का, हेच विचारत होत्या.) हिला काही गुप्त ठेवता येत नाही.

येऊन ती फळी खाली घे. लाकूड चांगलं आहे.

तुझी,
ताई

२२ एप्रिल

चि. बुटक्यास,

अनेक आशीर्वाद. अक्षर वेडंवाकडं आहे, पण माझं आहे.

कात्री धरता येते. जाड कापडाला अजून हात थरथरतो, म्हणून जाड कापड सूनबाई कापते आणि मी चुका काढते. तू फळी खाली घेतलीस, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलास आणि माझ्यादेखत स्टुलाचे पाय कापून त्याचा पाट केलास. एवढा राग तू कधी लाकडावर काढला नव्हतास. औषध, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व चालू आहे. ऊन खाते, रोज चालते, डॉक्टरीणबाईंनी नेमून दिलेले व्यायाम करते. या वयात मला सरळ उभं राहायला शिकवतात आणि त्याचे पैसे घेतात. तुझ्या बायकोलाही तपासायला ने, आणि तूही जा. हा रोग मिशा बघून मागे फिरत नाही. तुझं कामाचं टेबल हल्ली उंच वाटतं असं तू जाताना म्हणालास, ते मी ऐकलं आहे.

काल कोट काढला. खालची पट्टी मी दुमडून ठेवली होती, कापली नव्हती. उंची परत आली तर उसवता येईल, असा मूर्खपणा मनात होता. काल ती कापून टाकली. जड गेलं. पण आता कोट पायात येत नाही, आणि मला आईसारखं खाटेवर पडायचं नाही.

पुढच्या खेपेस भांडायला येशील तेव्हा मान वर करायची गरज नाही.

तुझी, तुझ्याएवढीच,
ताई