नावाशिवाय धवला नाय

रोहा, २२ सप्टेंबर २०२४

ती. पुतळीआत्यास,
मिथुनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं बरं आहे. कंपनीच्या गेटवर मोबाइल जमा करावा लागतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत पेनच हाती येतं. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

बातमी अशी की आमच्या बँडचा पहिला अल्बम होतोय! नाव ‘खारी हवा’. गिटार आणि गाणं माझं, ड्रम प्रविणचे, आणि कंपनीच्या लॅबमधली किमया बेस वाजवते. म्हणजे जाड तारांची गिटार, तिचा सूर थेट पोटात घुमतो. फार छान वाजवते. पेणला रामवाडीत दिनानाथकाकांचा गणपतीचा कारखाना आता रिकामा आहे, तिथेच दसऱ्यानंतर रेकॉर्डिंग.

तू विचारशील, संगीत कसलं रे? ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणतात त्याला. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी राबताना म्हटलेल्या गाण्यांतून ते आलं. एकाने ओळ सोडायची, बाकीच्यांनी उचलायची. मला ते कधी परकं वाटलंच नाही. आई गेल्यावर तू मला जित्याला आणलंस. तू गावची धवलारीण, लग्नघरी धवले गायला निघालीस की मी कडेवर. ठेका मी तिथेच शिकलो.

म्हणून हट्ट करतोय. शेवटच्या गाण्यात तुझा धवला हवा. त्याच्याशिवाय मी अल्बम बाहेर काढणार नाही. डीजे आल्यापासून तुला कुणी बोलावत नाही, याचा मला राग येतो आत्या, खरंच येतो.

माया आहे तशीच असू दे, फक्त नकार कळवू नकोस.

तुझा,
मिथुन

जिते, २७ सप्टेंबर

चि. मिथुनास पुतळीआत्याचा अ. उ. आ.

नकार कळवू नकोस म्हणतोस? मग घे, नकार.

अरं, धवला म्हणजे काय रेडिओ हाय, बटण दाबलं की लागला? हळद कुटायचा धवला म्हणायचा तर त्यात नवरा-नवरीची नावं घालावी लागतात. नावाशिवाय धवला नाय, आणि लग्न ठरल्याशिवाय नाव नाय. माझ्या आयेनं तसंच शिकवलं, मी तसंच गायले. आणि विचारतोस कधी, तर पितृपक्षात! डोकं ठिकाणावर हाय का?

मला गायचं नाय असं नाय रं. भांडी घासताना ओठावर येतं, मी गिळते. मांडवातल्या बायका माझ्या मागे म्हणायच्या ते आठवलं की जीव कासावीस होतो. पण माझ्या हौसेसाठी रीत मोडायची नाय.

तू लग्न कर, मग घसा फुटेस्तोवर गाते. आणि ती किमया कोण रं? जाड तारांची एवढी माहिती मी मागितली नव्हती.

जेवत जा वेळेवर. आत्या खाष्ट असली तरी तुझीच हाय, हे ध्यानात असू दे.

पुतळी

रोहा, ३ ऑक्टोबर

ती. पुतळीआत्यांस,
किमयाचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी धीर करून लिहिते. मी तीच, जाड तारांची. मिथुनने तुमचं पत्र आम्हाला वाचून दाखवलं. “ती किमया कोण” इथे आला आणि त्याला असा काही खोकला लागला की पुढचं प्रविणने वाचलं.

आत्या, दोन वर्षं झाली, हा मुलगा मला काहीतरी विचारायला येतो आणि “तारा बदलायच्या का?” एवढंच विचारून परत जातो. मला तो मनापासून आवडतो. तुम्हाला धवल्यात नाव हवंय ना? माझं घाला. खोटंखोटं नाही, खरं. आज घटस्थापना, म्हणून आजच लिहिते.

आमचे पप्पा, गुणाजी पाटील, इथेच स्टेशनजवळ असतात. त्यांच्याशी तुम्ही बोलाल का? मिथुनला मात्र इतक्यात सांगू नका, घाबरून आजारपणाची रजा टाकेल.

आगाऊपणाला क्षमा असावी, आणि जमलं तर थोडी माया माझ्याही वाट्याला यावी.

आपली,
किमया

जिते, १० ऑक्टोबर

चि. किमयास अ. आ.

गो पोरी, तुझं पत्र वाचून मी एकटीच घरात इतकी हसले की मांजर उठून गेली! काल रोह्याला जाऊन आले. तुझ्या बापानं विचारलं, पोरगा कंपनीत परमनंट हाय का? मी म्हटलं, हाय, आणि गिटारचं खूळ पण परमनंट हाय, ते आधीच सांगते. तुझी आई हसली, मग तोही हसला. जमलं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त बघू.

दोन्ही घरं व्हय म्हणाली की हळद कुटायला हरकत नाय. मी पाच सवाशिणी आणि मुसळं घेऊन कारखान्यात येते. पण एक सांगून ठेवते. नवऱ्याचं नाव घेतलं की तो स्वतः ‘व्हय’ म्हणेस्तोवर मुसळ खाली पडत नाय. तो गप्प राहिला तर मी उठून घरी जाईन, मग अल्बमचं काय व्हायचं ते होवो.

माया वाट्याला आली असं समज, आता तूच ती सांभाळ.

तुझी होणारी आत्या

रोहा, १७ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न.

कसली गं बाई तू!

आंब्याची पानं बांधलेली मुसळं घेऊन तू आलीस तेव्हा मला वाटलं, आत्या पाघळली. बायकांनी हळद कुटायला घेतली, प्रविणने त्याच ठोक्यावर ड्रम धरला, किमयाचा बेस आला, आणि तुझा आवाज चढला तसा माझ्या अंगावर काटा आला. गाण्यात किमयाचं नाव ऐकलं, तरी मी वाजवतच होतो. वाटलं, ती समोर बसलीय म्हणून घेतलंस. मग माझं नाव घेतलंस.

हात थांबला. प्रविण थांबला. सगळी मुसळं वर. किमया मान खाली घालून एकच सूर वाजवत होती, आणि तिचे कान लालबुंद. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जे दोन वर्षं घशात अडकलं होतं ते एकदम बाहेर आलं. इतक्या जोरात “व्हय!” ओरडलो की दिनानाथकाका बाहेरून धावत आले, छप्पर पडलं वाटून. आणि मुसळं अशी दणक्यात खाली आली की प्रविणला ठेका सापडायला वेळ लागला.

पुन्हा रेकॉर्ड करू का, असं मी विचारलं. किमया म्हणाली, लग्न दोनदा करणार आहेस का? तेव्हा सगळं तसंच ठेवलंय. ते थांबणं, तो ‘व्हय’, बायकांचं हसू.

राग नाही गं. आनंदाने झोप लागत नाही. आजवर केलीस तितकीच माया पुढेही कर, आता दोघांवर.

तुझा,
मिथुन

जिते, ४ डिसेंबर

चि. मिथुन व चि. सौ. कां. किमया यांस अ. उ. आ.

‘खारी हवा’ गावात सगळ्यांच्या मोबाइलवर पोचली. रिक्षात वाजते, पिठाच्या गिरणीत वाजते. ‘व्हय’ आला की पोरं पण ओरडतात. तुमची बाकीची गाणी पण ऐकली, बरी हायत. किमयाचा सूर पोटात घुमतो म्हणालास, ते खरं हाय.

लग्नाचे तांदूळ निवडून झाले. गुणाजींचा फोन येतो, मांडवाचं विचारतात, आणि ठेवताना म्हणतात की शेवटचं गाणं पुन्हा लावलंय.

आता खरी गोष्ट सांगते. काल गावातली सीताबाई नारळ घेऊन दारात उभी राहिली. तिच्या नातीचं लग्न हाय. म्हणाली, पोरांना डीजे लावायचा तर लावू दे नंतर, पण हळद पुतळीच्याच तोंडानं कुटायची. मी नारळ हातात घेतला आणि तिला ये, बस म्हणायचं सोडून उंबऱ्यावरच मोठ्यानं गायला लागले. डोळ्यांतून धारा, आणि गाणं काय थांबेना. शेजारणी धावत आल्या, पुतळे, काय झालं गो म्हणून.

म्हटलं, काय नाय गो, मला बोलावणं आलं.

तुमची,
आत्या