सगळ्या पाण्यांत राहणारा जीव

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
शाळेत यंत्रांची पूजा. माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला मायक्रोस्कोप आज खोक्यातून काढला. मीच जोडला, कुणाची मदत घेतली नाही. झेंडूचा हार, हळद, कुंकू, अक्षता, सगळं रीतसर. पण मी विज्ञान शिकवते. कुंकू भिंगावर पडू नये म्हणून आयपीस, म्हणजे डोळा लावायची वरची नळी, आधीच काढून पूजेच्या ताटात सुरक्षित ठेवला. इतका विचार किती शाळांत होत असेल? ताट नववीतल्या शमिकाने धरलं होतं. गुणी मुलगी.

४ ऑक्टोबर
मायक्रोस्कोपमध्ये मिट्ट काळोख. कंपनीचा दोष. किंवा मांडवी किनाऱ्याचा खारा वारा. माहितीपुस्तिका होती, पण अनुभवी माणसाला तिची गरज नसते. शमिकाने विचारलं, बाई, बटण लावायचं असतं का? तेच बघणार होते, असं मी तिला सांगितलं.
उजेड आला. मग थेट सर्वांत मोठं भिंग लावून खाली आणलं. नमुना ठेवायची काच तडकली. काचा पुष्कळ आहेत.
ठराव : पुढच्या वेळी लहान भिंगापासून सुरुवात.

६ ऑक्टोबर
विज्ञान प्रदर्शनासाठी शमिकाचा प्रकल्प : त्यांच्या वाडीची विहीर आणि खालचा पऱ्या, म्हणजे ओढा, कुठलं पाणी स्वच्छ? विषय लहान आहे. तिने दोन बाटल्या आणल्या. विहिरीचा थेंब बघून म्हणाली, बाई, यात काहीच नाही.
मी बघितलं. आहे की! एक जीव, गडद अंगाचा, कडा धूसर, जराशी लालसर छटा. ती म्हणाली, तो होय, तो प्रत्येक काचेत दिसतो. निरीक्षणाला संयम लागतो, असं मी जरा मोठ्याने सांगितलं. तिचा चेहरा पडला.
ठराव : मुलांवर आवाज चढवायचा नाही.

७ ऑक्टोबर
तो पऱ्यात आहे. समुद्रात आहे. शाळेच्या नळाला आहे. आमच्या घरच्या फिल्टरमध्येही आहे! गोडं-खारं दोन्ही चालतं. काच सरकवली की बाकी सगळे वाहून जातात, हा जागचा हलत नाही. फोकस फिरवला तरी जसाच्या तसा. शांत प्रकृतीचा दिसतो.
संध्याकाळी गंधारला सांगितलं. त्याने विचारलं, रिकामी काच बघितलीस का? रिकाम्या काचेत काय बघायचं? नवरा बँकेत असला की असंच.

१० ऑक्टोबर
प्रकल्पाचं नाव बदललं : ‘कोकणच्या पाण्यातील एक अज्ञात जीव’. शमिका एवढंच म्हणाली की ग्रामपंचायतीच्या तपासणीत विहीर पास झाली होती. त्यांच्याकडे असा मायक्रोस्कोप नसणार. संशोधन पूर्ण होईपर्यंत विहिरीचं पाणी पिऊ नका, घरी सांग, असं मी तिला बजावलं. जबाबदारी असते आपली.

१४ ऑक्टोबर
वाडीने विहीर बंद केली. विज्ञानाच्या शब्दाला अजून मान आहे तर! बायका आता उतरून पऱ्यावर जातात. शमिकाही आईबरोबर हंडे आणते, म्हणून तिची एसटी चुकली. मी तिला उशिराबद्दल वर्गाबाहेर उभं केलं. नियम सगळ्यांना सारखा.
मग डबा खाताना लक्षात आलं, पऱ्याच्या पाण्यातही तो होताच. म्हणजे पऱ्याचं कसं चालतं? भाजी खारट झाली होती, डबा संपवला नाही.
ठराव : दिवाळीनंतर पुन्हा नीट बघायचं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
भाऊ येऊन गेला. ताटं घासताना नळ धो धो चालू होता. एकदम पऱ्यावरची ती चढण डोळ्यांपुढे आली, आणि शमिकाच्या डोक्यावरचा हंडा. नळ बारीक केला.
फोन करावा वाटला. तिच्या आईचा नंबर शाळेत आहे. शाळा बंद आहे.

१३ नोव्हेंबर
उद्या प्रदर्शन. मायक्रोस्कोप बाहेरून स्वच्छ पुसला. आयपीस पुसायला कापड उचललं, मग ठेवून दिलं. का, ते लिहीत नाही. झोप यायला हवी.

१४ नोव्हेंबर
परीक्षक शांत गृहस्थ होते. डोळा लावला आणि दोन बोटांनी आयपीस फिरवला. मग मला म्हणाले, बघा. बघितलं. जीवही गोल फिरला, आयपीसबरोबर, सर्कशीतल्यासारखा. त्यांनी आयपीस काढला, त्याचं खालचं भिंग रुमालाच्या टोकाने टिपलं आणि टोक पुढे धरलं. लाल. म्हणाले, कुंकू आहे हो, पूजा केली होती वाटतं. मागच्या रांगेत हसू फुटलं.
मी तोंड उघडलं. तेवढ्यात शमिका म्हणाली, सर, ताट माझ्या हातात होतं, माझ्याकडूनच पडलं.
मी तोंड मिटलं. पण उघडलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

१५ नोव्हेंबर
मुख्याध्यापिकांनी शमिकाला समज दिली : महागड्या वस्तू जपून हाताळायच्या. मी शेजारीच होते. माझा घसा सकाळपासून बसला आहे.
ठराव, आणि हा शेवटचा : उद्या वाडीत जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं. सुरुवात ‘चूक माझी आहे’ इथून. सोमवारी मुख्याध्यापिकांना.

१६ नोव्हेंबर, रविवार
एसटीत सगळं मनात पाठ केलं. वाडीच्या वळणावर शमिकाची आई, चिमा, भरला हंडा घेऊन चढत होती. मला बघून हंडा उतरवला आणि पदराने हात पुसत म्हणाली, या बाई, बसा वाईच. बायका जमल्या. मी उभी राहिले. चूक, एवढा शब्द ओठांपर्यंत आला होता. म्हणाले, विहिरीचं पाणी चांगलं आहे, आजपासून प्या.
कुणीतरी विचारलं, नि तो जीव?
गेला, म्हणाले.
एक म्हातारी सगळ्यांना सांगू लागली, बाईंनी घालवला. मी तिला अडवलं नाही. लगेच विहिरीवर दोर गेला. पहिला तांब्या चिमाने मला दिला. पाणी गार होतं, गोड होतं.
निघताना हळदीकुंकू. सवाष्णीला तसं कसं पाठवणार, चिमा म्हणाली. मी कपाळ पुढे केलं, चष्मा काढला आणि समोरच्या ताटात ठेवायला गेले. ताट शमिकाने धरलं होतं. तिने एका हाताने माझा चष्मा वरच्या वर घेतला, मुठीत धरला आणि मलाच ऐकू जाईल असं म्हणाली, बाई, ताटात नको.