सोनं लागलं की विझतं

४ फेब्रु.
फ्लास्क ऐन तापात अन् लाइट गेली. चमकणारे बारीक कण पिवळ्याचे केशरी होऊन राह्यल्ते, आता लाल होणार, तेवढ्यात. सगळं गढूळ. फेकलं.
जनरेटर लावा म्हटलं तर लॅबचे करीमभाई म्हणे, "मॅडम, ते ऑफिसपुरतं है." वर एमआयडीसीची काळी धूळ, खिडकी बंद असून टेबलावर थर. कॉलेजात शिकवायची नोकरी सांभाळून पीएच.डी. करा म्हणणाऱ्यांना इथं आणून बसवलं पाहिजे.

९ फेब्रु.
आज लाल आले! जांभळ्या टॉर्चखाली बाटली निखाऱ्यागत पेटली. दुपारी त्यात सोन्याचे कण घातले. एका लाल कणाला एक सोन्याचा कण चिकटला की चमक वाढणार, आपला अख्खा प्रबंध त्याच्यावर उभा. टॉर्च मारली.
अंधार. बिलकुल काही न्हाई.
गाईड सरांना फोन. "सोनं स्वच्छ नसेल. परत करा."

१५ फेब्रु.
परत केलं. परत अंधार. सर: "परत करा." ह्यांचं काय जातं बोलायला.

१८ फेब्रु.
भोकरदनहून बाबा आलेत, डोळे दाखवायला. लॅब पाहायचीच म्हणाले. टॉर्च मारून लाल बाटली दाखवली. म्हटलं, बाबा, हे कण इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो बसतील.
"लै भारी दिसून राह्यलं गं. मंग तोंड का पाडलं?"
शेजारची सोनं घातलेली दाखवली. बराच वेळ वाकून पाहिलं.
"सोनं घालून बिघडलं म्हणायचं?"
इतका राग आला. बाबांवर न्हाई. म्हणजे, त्यांच्यावरच काढला.

२३ फेब्रु.
विद्यापीठातल्या मोठ्या मायक्रोस्कोपवर एकदाचा नंबर लागला. एसटीत बाटल्या मांडीवर, सगळा रस्ता जीव मुठीत.
अन् फोटो! जवळपास प्रत्येक कणाला एकेक सोनं, बराबर चिकटलेलं. जोड्या जमल्यात. घाण न्हाई, काही न्हाई. चूक माझ्या हाताची न्हाई. सोनंच चमक ओढून घेतंय. दोघांत अंतर ठेवलं तर कदाचित...
चहा न पिताच सरांच्या केबिनमध्ये.
"परिषदेला 'चमक वाढली' असं कळवून झालंय. हा फोटो घ्या, अन् चमकेचा आलेख जुन्या बॅचचा लावा."
"सर, तो सोन्याआधीचा आहे."
"मला माहितीय."
त्यांनी दुसरी फाइल उघडली. मी उठले.

२७ फेब्रु.
मधे काचेचा पातळ थर देऊन पाहिला. गुठळ्या. दुसऱ्यांदाही गुठळ्या. डोकं फुटायची वेळ.
प्रबंधावर सही सरांची लागते. सगळे हेच सांगून राह्यले. मला काय ठाऊक न्हाई?

१ मार्च
परिषदेचा निबंध सरांना पाठवला. विझलेलाच आलेख, जोड्यांचा फोटो, खाली एक ओळ: सोनं चिकटल्यावर चमक गेली, बॅच तीच. पाठवल्यावर फोन उलटा करून ठेवला. मंग स्वतःचाच राग आला, चोरी केल्यागत का घाबरायचं?

४ मार्च
सरांचं उत्तर न्हाई. पाहिलंय मात्र.

५ मार्च
सरांचा फोन. "सोमवारी या. सगळ्या बाटल्या आणा. पेटलेल्या, विझलेल्या, सगळ्या."
चिडून म्हणाले की... न्हाई, आवाजावरून काही कळलं न्हाई. "बरं सर" म्हटलं तोवर फोन ठेवला.
सोमवारचे दोन तास बदलून घेतले. पहिल्या गाडीनं निघते.