गाडी, तिचे नवे टायर अन् माही सुरुची यायच्याबद्दल

मी, मोनाली धम्मानंद गजभिये, वय सत्तावीस, धंदा आधी शिलाईचा अन् आता गाडीचा, राहणार वाडी, नागपूर, हे मृत्युपत्र माह्या हातानं लिहून राहिली. माहं डोकं ठिकाणावर आहे. कोणी मले धाक देऊन, फसवून का काही पाजून लिहाले लावलं नाही. मले भेव वाटते म्हणून लिहून राहिली, पण भेव वाटणं म्हणजे येडं होणं नाही. सुरुवात कशी करायची ते वकिलानं सांगतलं, बाकी माह्या बोलीत आहे. सातवी शिकली मी. चुकलं असन तर समजून घ्याजा.

उद्या सकाळी मी गाडी घेऊन रामटेकले जातो. तिथल्या मिलमधून तांदूळ भरून खवासा, शिवनी अन् मंग जबलपूर. तिकडे पाणी पडून राहिलं आहे. गाडी मीच चालवणार. वापस आली तर हा कागद फाडून टाकीन. नाही आली तर खाली लिहिलं तसं करा.

१) माही पोरगी सुरुची, वय पाच वर्सं. ती माह्या सासूबाईजवळ, म्हणजे कांताबाई गजभिये यायच्याजवळ राहीन. दुसऱ्या कोणी मागू नये. सासूबाई तोंडानं कडक आहे, पण पोरगी झोपली का तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बसतात, हे म्या पाह्यलं आहे. पोरीले शाळेतून काढू नका. ती मोठी होऊन स्वतः म्हणत नाही तोवर तिले गाडीच्या केबिनमध्ये बसवू नका. उभ्या गाडीत बी नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. काहून, ते पुढे लिहितो.

२) गाडी. दहा चाकाचा ट्रक, सुरुचीच्या बाबाचा, आता माह्या नावावर. मागच्या उन्हाळ्यात सिमेंट घेऊन जाताना हिंगणघाटच्या पुढे समोरचा डावा टायर फुटला. गाडी झाडावर गेली अन् सुरुचीचे बाबा जागेवरच गेले. विम्यातून गाडी नीट झाली अन् आमच्या घराच्या आवारात येऊन उभी राहिली. वाडीतला एकबी ड्रायव्हर तिच्यावर बसाले तयार नाही. तोंडावर म्हणतात, "वहिनी, दुसरीकडे काम लागलं." माघारी म्हणतात, त्या गाडीनं मालक खाल्ला.

म्हणून मी लायसन काढलं. स्टेअरिंग मले पहिलेच येत होतं. लग्नाच्या नंतर मिहानकडच्या रिकाम्या रोडवर त्यायनंच शिकवलं होतं. म्हणत, "मोनाली, ब्रेकवर नाचू नको वं, गाडी म्हैस नाही."

माह्या मागं गाडी विकून टाका. घरातल्या कोणी चालवू नये. घेणाऱ्याले खरं सांगून विका.

३) टायर. हे मी खुलासा करून लिहितो, कारण गाडी ज्याच्या हातात जाईन त्याले हे मालूम पाहिजे.

आमच्या वाडीत सगळेच एक चूक करतात. मे महिन्यात रोड तव्यासारखा तापला का टायरातली हवा काढून कमी करतात. म्हणतात, उन्हानं हवा फुगते, टायर फुटन. सुरुचीच्या बाबानंबी तेच केलं. निघताना माहा देर आयुष म्हणाला होता, "दादा, गरमी पाह्यली का? हवा सोड थोडी." अन् त्यायनं सोडली. हवा कमी असली का टायर भाराखाली दबते, चोळल्यावानी होते अन् आतूनच तापते. तेच झालं. हे मले मंग आनंदरावनं सांगतलं, त्यायचं टायरचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. त्या दिवशी ते दुकानात नव्हते.

नवे टायर घ्याले मी त्यायच्याकडेच गेली. म्हटलं, "भाऊ, मले असा टायर द्या जो उन्हात फुटणार नाही, घाटातल्या पाण्यात घसरणार नाही, अन् थंडीच्या धुक्यात रोड ओला असला तरी धरून राहीन."

ते हासले. "वहिनी, असा तर नवराबी भेटत नाही."

मी म्हटलं, "भेटला होता."

त्याच्यानंतर त्यायनं मस्करी केली नाही. खाली बसून एकेक टायर दाखवला. नायलॉनचा सस्ता असते, जास्त माल उचलते, पण लांब पल्ल्यावर लय तापते. रेडियल कमी तापते अन् रोडले पुरा टेकून चालते. आपल्या गाडीले उन्हाळाभर लांब पळायचं आहे, म्हणून म्या रेडियल घेतले. समोर उभ्या सरळ रेघांचे, त्यातून पाणी निघून जाते अन् स्टेअरिंग सरळ राहते. मागं खोल कापाचे, मिलच्या आवारातल्या चिखलात जोर लावाले. मोसम बदलला का टायर बदलणं आपल्या लोकाइच्यानं होत नाही, मंग चालवणं बदलायचं. पाण्यात हळू, धुक्यात त्याच्याहून हळू.

घासलेल्या टायरवर नवं रबर चढवून विकतात, तसा चढवलेला टायर समोर कधीच लावू नका. रेघा उथळ झाल्या तर पाऊस लागायच्या आधी बदला. हवा सकाळी पाहा, टायर थंडा असताना. तापलेल्या टायरची हवा काढू नका, कोणी कितीही सांगो.

४) अपघाताच्या वेळी गाडीले होता तो समोरचा उजवा टायर अजून आवारात पडून आहे. त्याले काही झालं नाही. सुरुची त्याच्यात बसून खेळते. आयुष म्हणे, रबर चढवून विकू. मी नाही म्हटलं. तो टायरबी तेवढाच तापला होता. तो पात्यानं कापून भंगारात द्या, म्हणजे कोणाच्याच गाडीले लागणार नाही. पुरा कापेपर्यंत तिथून हलू नका.

५) आयुषले हवा पाहायचं मीटर. सुरुचीच्या बाबाचं होतं. मी त्याले दोष देत नाही असं सगळ्याइले सांगतो, पण मीटर त्यालेच द्या. त्यानं ते रोज हातात घ्यावं. त्याचा दादा गेल्यापासून तो माह्यासमोर जेवत नाही, ताट घेऊन बाहेर जाते. त्याले सांगा, मोनाली म्हणे आत बसून जेव गा, तुले कोणी काही म्हणत नाही.

६) शिलाई मशीन सासूबाईले. त्यायचे गुडघे दुखतात, मोटर बसवून घ्यावी. माह्या साड्या त्यायले पाहिजे त्याले द्याव्या. सीताबर्डीहून घेतलेली निळी तेवढी ठेवावी, तिचा सुरुचीले फ्रॉक शिवता येते.

७) आता मी उद्याच काहून चालली, ते.

सुरुचीच्या बाबाची एक आदत होती. निघायच्या आधी लोखंडी रॉडनं गाडीभोवती फिरून एकेक टायर ठोकत. हवा बरोबर असली का टायर टण्णकन वाजते, कमी असली का भद्द वाजते. सगळे ठोकून झाले का केबिनच्या दारावर दोन थापा मारत. म्हणजे, बसा, निघू.

गाडी आवारात आल्यावर एका भरदुपारी सासूबाई म्हणाल्या, "कोण ठोकून राहिलं वं बाहेर?"

मी गेली. कोणी नव्हतं. पण आवाज आम्ही दोघीनं ऐकला होता. टण्ण, टण्ण, टण्ण, असा गाडीभोवती फिरला अन् समोरच्या डाव्या टायरपाशी येऊन भद्द वाजला. मंग पुन्हा भद्द. मंग पुन्हा. त्या जागेवर आयुषनं रबर चढवलेला टायर लावला होता. हवा पाह्यली तर बरोबर. तरी म्या आनंदरावले तो काढाले लावला. चढवलेलं रबर आतून सुटून राहिलं होतं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

आम्ही बौद्ध लोक. आमच्या घरात भूतबित मानत नाही. सुरुचीच्या बाबासमोर कोणी असं बोललं तर ते खवळत. भन्तेजीले बोलावून परित्राण पाठ केला. भन्तेजी म्हणाले, "आवाज आला तर येऊ द्या, मनात मैत्री ठेवा." मैत्री ठेवली. आवाज येत राहिला. तवा मले वाटलं, ते टायरसाठीच येऊन राहिले असतीन, सगळे नवे घेतले का शांत होतीन. म्हणून दागिने मोडून सगळे नवे घेतले.

ज्या दिवशी बसवले, त्याच्या दुसऱ्या दुपारी मी मशीनवर बसली होती. पुन्हा सुरू झालं. टण्ण, टण्ण. एक टायर चुकला नाही, एक भद्द वाजला नाही. माह्या डोळ्यात पाणी आलं. मनात म्हटलं, पास झाली बाप्पा मी.

मंग केबिनच्या दारावर दोन थापा पडल्या.

मी धावली तं सुरुची पायरीवर चढली होती. एक हात दाराच्या दांडीले. मी तिले ओढून खाली घेतलं. म्हटलं, "कुठं चालली होती वं?"

ती म्हणे, "बाबानं बोलावलं. निघू म्हणे."

"तू पाह्यलं त्यायले?"

"नाही. पण मम्मी, गाडी तयार झाली ना आता."

त्याच्यानंतर रोज दुपारी दोन थापा. रोज मी पोरीले आत कोंडून दाराले पाठ लावून बसतो. ती आतून रडते, "बाबा निघून जातीन, सोड ना वं." सासूबाई म्हणतात, गाडी विकून टाक. पण विकेपर्यंत किती दुपारी जातीन? अन् एखाद्या दुपारी माहा डोळा लागला तर?

सुरुचीच्या बाबाचं पोरीवर किती मन होतं ते मले मालूम आहे. वाईट ते कधीच करणार नाही. पण मेलेल्या माणसाले हे समजते का नाही, का जिवंत लेकराले सोबत नेता येत नाही? मले नाही मालूम. ती थाप कोणासाठी आहे, तेबी नाही मालूम. माह्यासाठी असन तर मी जातो. पोरीसाठी असन तर मी तिच्या जागी बसतो. गाडीत कोणीतरी बसलं, गाडी निघाली, म्हणजे बोलावणं संपलं. घाटात टायर धरतीन. टायरचं भेव मले नाही.

८) शेवटचं. हे फक्त सासूबाईसाठी आहे, सुरुचीले वाचून दाखवू नका.

आई, मी वापस नाही आली अन् त्याच्यानंतर दुपारी घरात काही ऐकू आलं, तर ते कदाचित सुरुचीचे बाबा नसतीन. मी असन. मी लय मन मारून जाऊन राहिली. माहं मन इथंच राहीन, अन् मन इथं राहिलं तर मी तुमच्या दारात येईन. मी रॉडनं ठोकणार नाही, मी पोरीले नावानं हाक मारीन. "सुरू, ये वं, भाकर खाऊन घे," असंच म्हणीन, कारण मले दुसरं येत नाही. तिचा जीव धावन. तुमचाबी धावन.

तिले ओ देऊ देऊ नका. मी रडली तरी दार उघडू नका. तिचे कान तुमच्या पदरानं झाका अन् मी जाईपर्यंत मोठ्यानं काहीबी बोलत राहा.

वरचं सगळं मी वाचलं, मले समजलं, मले कबूल आहे. सासूबाईले साक्षीदार म्हणून सही करायची होती, पण वकील म्हणे ज्याच्या वाट्याले काही येते त्यानं साक्षीदार होऊ नये. म्हणून खालचे दोघं, ज्यायले यातलं काही भेटणार नाही. त्यायच्यासमोर मी सही केली अन् माह्यासमोर त्यायनं केली.

सही: मोनाली धम्मानंद गजभिये

साक्षीदार:
१. आनंदराव मेश्राम, टायर दुकान, वाडी (सही)
२. वच्छला रामटेके, शेजारीण, वाडी (सही)

ठिकाण: वाडी, नागपूर
तारीख: ९ जुलै २०२५