मोर आणि पाचवं कडवं

१ ऑगस्ट
आजपासून छाटणी. सकाळी दव फार, म्हणून दहापर्यंत चहा. कुंपणं बाकीच्यांनी करावीत. मोर माझा. दोन माणसं उंच यूचं सदाहरित झाड, मोराच्या आकारात कातरलेलं, मागे पिसारा, पुढे चोच. मिस हारकम, आमच्या नव्या हेड माळी, म्हणाल्या, मिस्टर टपिन, यंदा बिघडला तर पुढच्या वर्षी मोर कंत्राटदाराच्या यंत्राकडे, आणि तुम्ही कुरणात बाग बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला. गंमत करतात. हसून दाखवलं. त्या हसल्या नाहीत.

३ ऑगस्ट
मिस हारकम म्हणतात, काठ्या रोवा, दोरी बांधा. दोरीने कुंपण होतं, मोर होत नाही. आमची पद्धत जुनी. शाळेत मिस पेटिफरबाईंनी पाठ करून घेतलेली जहाजाची लांबलचक कविता म्हणायची, एका ठोक्याला कात्रीचा एक काप. डावीकडे मी, उजवीकडे शाळेपासूनचा जोडीदार विल्फ, दोघं एका सुरात. कविता संपली की मोर संपला, दोन्ही बाजू सारख्या. विल्फ वसंतातच लेकीकडे वेल्सला गेला. हरकत नाही. दोन्ही बाजू मीच करीन. कविता तीच, कात्री तीच.

६ ऑगस्ट
चार कडव्यांपर्यंत सुरेख. वारा अनुकूल, कप्तान सुकाणूवर. पाचवं आठवेना. जिभेवर आहे अगदी. इथे विल्फचा आवाज नेहमी मोठा व्हायचा. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, ओघात येईल म्हणून. कात्रीही पहिल्यापासून, अर्थात. लय मोडून चालत नाही.
संध्याकाळी : ओघात आलं नाही. डावा पिसारा जरा बारीक झालाय. उद्या उजवाही तेवढाच उतरवला की झालं.

९ ऑगस्ट
उजवा उतरवला. पाचव्याला अडलो, पुन्हा उतरवला. आता उजवा बारीक. क्लेम बास्टेबल खताची ढकलगाडी थांबवून म्हणाला, काय हंफ्री, कोंबडी करतोयस? अंडं घातलं तर मला हाक मार. जन्मभर शेण उलथलेल्या माणसाला पिसाऱ्यातलं काय कळणार!

१० ऑगस्ट
सुट्टी. बायकोने, म्युरिएलने, मटण भाजलं होतं. विचारलं, दिवसभर काय पुटपुटतोस रे? म्हटलं, कविता. कुठली, म्हणाली. म्हटलं, तुला नाही कळायची, आणि बटाटे पुढे सरकवले. दुपारी डोळे मिटून पडलो. शाळेची उंच खिडकी, खडूचा वास, पुढच्या बाकावर दोन तांबूस वेण्या. काय ते दिवस! सगळं दिसलं. पाचवं कडवं सोडून.

१३ ऑगस्ट
पिसारा जवळपास गेला. पण मोराने सदोदित पिसारा फुलवूनच उभं राहावं, असं कुठे लिहिलंय? बसलेला मोर जास्त खानदानी दिसतो.

१८ ऑगस्ट
मिस हारकमनी विचारलं, मान कुठे गेली? म्हटलं, पंखाखाली. मोर झोपलाय. त्यांनी टोपी काढून कपाळाला हात लावला. भारावल्या असाव्यात.

२१ ऑगस्ट
चोच शाबूत आहे. तिला हात लावायचा नाही, हा निश्चय. दरवर्षी या रविवारी बाग लोकांना खुली होते तेव्हा आमच्या मालकीणबाई, लेडीसाहेब, चोचीला निळी फीत बांधतात, मगच माळ्यांना सायडर, म्हणजे सफरचंदाचं मद्य, मिळतं. त्यांच्या आजेसासऱ्यांपासूनची रीत आहे.
चहानंतर : चोच एकटीच पुढे आलेली फार केविलवाणी दिसत होती.

२४ ऑगस्ट
ऊन छान. गर्दी भरपूर. लेडीसाहेब फीत घेऊन झाडाभोवती फिरल्या. थांबल्या. उलट्या बाजूने फिरल्या. शेवटी शिडी मागवून फीत मधोमध गुंडाळली आणि वर फुलासारखी गाठ मारली. एक बाई ओरडली, अगं बाई, ईस्टरचं अंडं! फोटोंसाठी रांग लागली. हे यश नाही तर काय? क्लेम ग्लास उंचावून म्हणाला, हाक मारायची विसरलास की रे! कोंबडी गेली पळून, अंडं तेवढं राहिलं.
सायडर जरा आंबट होतं.
मिस हारकम म्हणाल्या, पुन्हा मोर व्हायला दहा-बारा वर्षं लागतील. म्हटलं, मी थांबतो. त्यांनी पिवळं जाकीट हातात दिलं. कुरणाचं.

२५ ऑगस्ट
बँक हॉलिडे, सगळ्या देशाला सुट्टी. गाड्याच गाड्या. कवितेच्या लयीत हात हलवला की गाडी आपोआप सरळ लागते, हे माझं नवं संशोधन. दुपारी म्युरिएल सँडविच घेऊन आली. मी हात हलवून एका म्हाताऱ्याला गाडी मागे घ्यायला लावत होतो. चौथं कडवं संपलं, अडलो. तर ही फाटकाला टेकून पाचवं म्हणू लागली. सगळंच्या सगळं. म्हटलं, तुला कसं येतं? म्हणाली, मी होते की वर्गात. तुला कुठून येणार? ते शिकवलं तेव्हा तू बाहेर व्हरांड्यात उभा होतास, माझी वेणी बाकाला बांधलीस म्हणून. दरवर्षी मोरापाशी विल्फ जोरात म्हणायचा, तू नुसते ओठ हलवायचास. म्हटलं, मग महिनाभर बोलली का नाहीस? म्हणाली, विचारलंस कधी?
बघतच राहिलो. केस पांढरे झालेत, पण मानेची ऐट तीच. हात मात्र लयीत हलतच राहिला असावा. म्हातारा बिचारा आज्ञाधारक, गाडी मागे घेतच राहिला. फाटकाचा खांब पडला.
उद्यापासून खताच्या ढिगावर, क्लेमच्या हाताखाली.