वाळूखालची पिढी

वहिनी, मागच्या पायरीवर आपण वाळूवरच्या वेलीच्या शेंगा फोडत बसलो होतो, आठवतं? बीऐवजी अळी निघाली आणि तू ओरडलीस, "अगबाई, भाडेकरू!" तुझ्या लग्नाला महिनाच झाला होता. तोवर तू मोठ्याने हसायचीस.

मी, सेवानिवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, वय त्रेसष्ट, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने नव्हे तर धाक पुरे झाला म्हणून हे लिहीत आहे. सर्व काही थोरल्या भावाला देणारे माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

घरामागच्या वाळूच्या पट्टीत एक राखाडी पतंग राहतो. खडकाच्या टोकापासून खाडीच्या मुखापर्यंत ही वेल आहे; तेवढाच त्याचा मुलूख. उन्हाळ्यात मादी फुलांवर अंडी घालते. अळी शेंग पोखरून बिया खाते. एका शेंगेत दोन शिरल्या तर एक दुसरीला मारते. पानगळीत ती वीतभर वाळूखाली कोष करून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झोपते.

दादाने आपल्या वाट्याची खडकाकडची वाळू हिवाळ्यात उपसून विकली. वेल वाळली म्हणजे सारे मेले, असे त्याला वाटले; कोष त्या वाळूतच होते. पुढल्या उन्हाळ्यात तिथे एकही पतंग उडाला नाही. मग त्याचे यंत्र माझ्या पट्टीकडे वळले. मी आडवी गेले.

"वाळूत काय पुरलंयस, खजिना?"

"दादा, अळ्या आहेत. जिवंत."

"मग आत्ताच मरू देत."

फावड्याच्या दांड्याने त्याने माझ्या डाव्या हाताची तीन हाडे मोडली. वहिनी मध्ये पडली, तर तिचा जबडा. दवाखान्यात ती म्हणाली, "जिन्यावरून पडले." त्यांच्या घराला जिनाच नाही.

पट्टी मी वहिनीच्या नावे करत नाही. केली तर तो तिला मारून सही घेईल. ही पट्टी माझ्या मिशन शाळेतल्या सिस्टरांना द्यावी. पानगळ ते उन्हाळा तिथे कुदळ लागू नये. सिस्टर कोणाला भीत नाहीत. त्यांच्या छड्या मी लहानपणी खाल्ल्या आहेत.

वह्या व कोषांच्या बरण्याही शाळेला.

थोरल्या भावाला माझ्या हाताचा एक्स-रे. उजेडासमोर धरून पाहावा.

राहते घर, दाराला नव्याने बसवलेल्या दोन कड्यांसह, वहिनीला तहहयात; नंतर शाळेला. तिच्या नवऱ्याला उंबरा ओलांडण्याचा हक्क नाही.

व्यवस्था माझे हाड बसवणाऱ्या डॉक्टरांनी पाहावी. चावी आधी वहिनीच्या हातात द्यावी. ती आत जाऊन दोन्ही कड्या लावीपर्यंत थांबावे. मगच हे भावाला वाचून दाखवावे.

स्थळ: राहते घर
तारीख: ९ नोव्हेंबर
सही (उजव्या हाताने): धाकटी बहीण

साक्षीदार: कड्या बसवणारा सुतार, पोस्टमन